बरणीखालची परात

धम्मपाल : म्हणजे आई घाटी दवाखान्यात नाही?

रूपा : आहेत घाटीत, पण आजारी म्हणून नाही. शेजारच्या सरूमावशी ॲडमिट आहेत. आई त्यांना डबा घेऊन गेल्यात सकाळी. तुम्ही आधी बॅग खाली ठेवा.

धम्मपाल : मग गल्लीतला गोकुळ फोनवर काय बोलत होता? म्हणे तुझ्या आईच्या सिरक्यानं गल्लीत राडा झालाय, म्हातारी घाटीत आहे, निघ. मी चाकणला सुपरवायझरला सांगून तसाच बसमध्ये चढलो. अख्खा रस्ता मला वाटत होतं, आई सिरका प्यायली.

रूपा : कुणीच काही प्यायलेलं नाही.

धम्मपाल : सरूमावशीला पाजला?

रूपा : पाजला नाही, लावला. हातापायाला, डास चावू नयेत म्हणून दरवर्षी लावतात तसा. सरूमावशींना डेंगू झालाय. आता बऱ्या आहेत, पेशी वाढायला लागल्यात.

धम्मपाल : मग राडा कशाचा? खाली कडुबाकाका दुकानात बसले होते. जय भीम केला तर त्यांनी मान फिरवली. असं कधी केलं नाही त्यांनी.

रूपा : सांगते. पण मधे मधे बोलू नका. मला स्वतःलाच यातलं निम्मं कळलेलं नाही. तुम्ही बोललात की उरलेलंही निसटतं.

धम्मपाल : बरं. बोल.

रूपा : यंदा पावसाळा सरता सरता आपल्या छावणी भागात तापाची साथ आली. नळाला पाण्याचा नेम नाही, तर घरोघर ड्रम भरलेले. आईंनी मनावर घेतलं. उन्हाळ्यात घातलेला उसाचा सिरका होताच. त्यात कडुनिंब, निरगुडी, तुळस, ठेचलेला लसूण टाकला आणि नेहमीच्या बरणीऐवजी ती मोठी चिनीमातीची बरणी काढली. म्हणाल्या, यंदा गल्लीला पुरला पाहिजे.

धम्मपाल : लहानपणी तोच चोपडून शाळेत पाठवायची. माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही.

रूपा : यंदा मात्र लोक मागून नेत होते. जुन्या हकीमसाहेबांच्या बिबीनं आपल्याला हा सिरका करायला शिकवलं, आपण चार जणांना द्यायचं, असं त्या म्हणायच्या. बाटलीभर द्यायच्या, कुणाला बरणी भरून. आणि देताना प्रत्येकाला बजावायच्या, सिरक्यात उसाचा गोडवा असतो, मुंग्या लागतील, बरणी पाण्याच्या परातीत ठेवा. आपल्याही ओट्यावर तशीच ठेवलेली. दुपारी सरूमावशी यायच्या. दोघी बरणीशेजारी बसून पाला निवडायच्या, सिरका हाताला लावायच्या, गप्पा मारायच्या.

धम्मपाल : हे सगळं मला माहितीय. पुढं काय झालं?

रूपा : पुढं सरूमावशींना ताप आला. अंग मोडून निघालं, डोळे उघडवेनात, हातावर लाल पुरळ. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर आहेत त्यांनी रक्त तपासलं आणि थेट घाटीत न्यायला सांगितलं. त्यांच्या सुनेनं रिक्षा बोलावली. आई रिक्षामागं पळत गेल्या बाटली घेऊन.

धम्मपाल : बाटली घेऊन?

रूपा : तिथंही डास असतील म्हणून. सुनेनं घेतली नाही. मग पेशंटच्या आजूबाजूची घरं तपासायला मनपाच्या बाया आल्या. बॅटरी मारून ड्रम बघतात, कूलर बघतात. आपल्या ड्रमला आईंनी धोतराचं फडकं बांधलेलं, आत काही नाही. बाईंनी शाबासकी दिली तशा आई फुलल्या. म्हणाल्या, या, तुम्हाला माझं औषध दाखवते. हात धरून ओट्यावर नेलं. त्या बाईंनी सिरक्याचा वास घेतला, चांगला उग्र आहे म्हणाल्या. आणि मग बॅटरी खाली परातीत मारली.

धम्मपाल : अळ्या.

रूपा : वळवळत होत्या. बरणीच्या सावलीत पाणी गार, कुणी कधी बदललेलं नाही. बाई म्हणाल्या, आजी, या डेंगूच्या डासाच्या अळ्या आहेत. आई हसल्या. म्हणाल्या, हे पाण्यातले किडे, यांना पंख कुठं आहेत. बाईंनी परात उन्हात ओतून घासायला सांगितली, दुसऱ्या घरी गेल्या. पण आईंनी ओतायच्या आधी ग्लासभर पाणी बाजूला काढलं.

धम्मपाल : कशाला?

रूपा : बघायला. त्या म्हणाल्या, मला कुणी वेडी समजू नये. ग्लासवर मलमलचं कापड ताणून बांधलं, दोरीचे वेढे दिले आणि खिडकीत ठेवला. रोज सकाळी भांडी घासून झाली की खिडकीपाशी बसायच्या.

धम्मपाल : तू घरात डेंगूचे डास पाळू दिलेस?

रूपा : झाकलेले होते. मी येता जाता दोरी तपासत होते. आणि त्यांना नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिकडं सरूमावशींच्या पेशी उतरत होत्या. आईंना ते किडेच आहेत असं डोळ्यांनी बघायचं होतं.

धम्मपाल : आणि?

रूपा : एका सकाळी कापडाच्या आतल्या बाजूला डास बसलेला. काळा, पायांवर पांढरे पट्टे. दुपारपर्यंत आणखी दोन-चार. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला वाटलं, झालं, कळलं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी एका हाताला सिरका लावलेला, एक हात कोरडा. आधी एक हात कापडाजवळ नेला, मग दुसरा.

धम्मपाल : आता हे काय?

रूपा : त्यांना बघायचं होतं, औषध तरी खरं आहे का. मी पण वाकून बघितलं. कोरडा हात नेला की डास कापडाला येऊन चिकटायचे. सिरक्याचा नेला की मागं जायचे. अगदी स्पष्ट. आईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

धम्मपाल : म्हणजे सिरका चालतो.

रूपा : थांबा ना. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा हात नेला, तर डास सिरक्याच्या हातालाही आले. मी म्हटलं, आई, वास उडाला की काम संपलं. त्या म्हणाल्या, नाही, मी मधे भांडं विसळलं, हात धुतला गेला, म्हणून. मला तर त्यांनी भांडं विसळलेलं आठवत नाही. आमचं त्यावरून जरा लागलंच. शेवटी त्यांनी उकळतं पाणी आणून कापडावरून ओतलं आणि ग्लास बाहेर नेऊन ठेवला.

धम्मपाल : मग कडुबाकाकांनी मान का फिरवली ते अजून कळलं नाही मला.

रूपा : काल संध्याकाळी आई घरोघर गेल्या. ज्यांना ज्यांना बरणी दिली त्या प्रत्येकाच्या दारात. परातीतलं पाणी फेका म्हणून सांगायला. मी सोबत गेले होते. आता ऐका काय झालं. त्यांना नीट सांगता येईना. सिरका, परात, अळ्या, सरू, सगळं एकात एक. कडुबाकाकांच्या घरी काकूंनी सिरकाच मोरीत ओतून दिला आणि परातीतलं पाणी तसंच ठेवलं. मी आत जाऊन ते ओतलं तर त्यांना वाटलं, मी पुरावा लपवतेय. पुढच्या घरी कळलं की सिरक्यात किडे पडलेत. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत, सरूबाई सिरका पिऊन आजारी पडली.

धम्मपाल : आणि आईनं कुणाला गप्प नाही केलं?

रूपा : तेच तर. त्या कुणालाच नाही म्हणेनात. गोकुळच्या आईनं विचारलं, आमच्या पोराला मागं ताप आला तो पण तुमच्या परातीमुळंच का. आई म्हणाल्या, असंल. कडुबाकाकांनी विचारलं, तुम्ही आम्हाला फसवलं का. तर म्हणाल्या, असंल. मी त्यांचा पदर ओढत होते. मनपाच्या बाईंनीच सांगितलं होतं की डास कुठलाही असू शकतो, गच्चीवरच्या टायरातला, कुंडीतला, कुणाच्या कूलरमधला. कुठला डास कुणाला चावला हे कुणीच सांगू शकत नाही. पण आईंना ते ऐकूच येईना.

धम्मपाल : आणि आज सरूमावशीकडं कशाला गेली? तिथंही असंल म्हणायला?

रूपा : सांगायला. रात्रभर तळमळत होत्या. सकाळी खिचडी करून डब्यात भरली. म्हणाल्या, गल्लीला सांगितलं आणि जिला झालं तिलाच नाही सांगितलं.

(चंपाबाई आत येते. हातातला रिकामा डबा खाली ठेवते.)

चंपाबाई : आला व्हय रं? कुनी बोलावलं?

धम्मपाल : गोकुळनं. तू घाटीत आहेस म्हणाला.

चंपाबाई : व्हते की. खरंच सांगितलं त्यानं.

रूपा : बसा आई. पाणी घ्या. कशा आहेत मावशी?

चंपाबाई : उठून बसती आता. समदी खिचडी खाल्ली. लिंबाचं लोनचं का न्हाय आनलं म्हनून माझ्यावर चिडली पन.

रूपा : मग सांगितलं का त्यांना?

चंपाबाई : सांगितलं.

धम्मपाल : काय म्हणाली? भांडली का?

चंपाबाई : भांडली असती तर बरं झालं असतं. म्या तिचा हात धरला. म्हनलं, सरू, ते डास माझ्या परातीतले हायेत, आपून जिथं बसायचो तिथलेच. तर ती म्हनली, व्हय बाई, तुझ्या बरनीपाशी बसायचे म्हनूनच वाचले. म्हनलं, तसं नाय, पान्यात अळ्या व्हत्या. म्हनली, तुझ्या सिरक्यानं मेल्या असत्याल. शेजारच्या खाटेवर पैठनकडची एक बाई हाय, लई आजारी. सरू तिच्याकडं बोट करून म्हनती, तिला बग, तिला कुनी लावला न्हवता सिरका.

रूपा : तुम्ही नीट समजावलं नाही का? ग्लासात काय बघितलं ते?

चंपाबाई : समदं सांगितलं. ग्लास सांगितला, कापड सांगितलं, पट्ट्याचे पाय सांगितले. ती नुसती ऐकती अन् डोळे पुसती. तिला वाटलं, मला माझ्या हुनराचा मोठेपना नको वाटतोय म्हनून मी आसं बोलती. मग वार्डातल्या बायांना हाका मारून सांगाय लागली. ही माझी चंपा. हिच्या औषिदानं मी उठले. बाया बगाय लागल्या. एक तर पायाला हात लावाय वाकली.

धम्मपाल : मग तू काय म्हणालीस?

चंपाबाई : काय म्हननार?

रूपा : आई?

चंपाबाई : मान हालवली.

धम्मपाल : म्हणजे हो म्हणालीस.

चंपाबाई : हो म्हनले नाय. मान हालली. गल्लीत काल समदे वाकड्या नजरेनं बगत व्हते. तिथं कुनी तरी बरं बोललं. हालली मान.

धम्मपाल : हे बघ आई, झालं ते झालं. कुठला डास चावला हे कुणालाच माहीत नाही. मावशीला तसं वाटतंय तर वाटू दे. तिला बरं वाटतं, तुलाही. विषय संपव.

चंपाबाई : म्या बी येताना रिक्षात त्येच म्हनत व्हते. गल्ली म्हनती मी आजार दिला. सरू म्हनती मी जीव दिला. कुनालाच ठावं नाय, तर मग सरूचं खोटं कशाला मानू? पन खरं मानाय गेलं की ती परात डोळ्याम्होरं येती. काय सुदरंना बग मला.

रूपा : आई, एक सांगू? मावशी घरी आल्या की त्यांच्या ओट्यावरची बरणी पुन्हा पाण्यात ठेवतील. तुम्हीच शिकवलंय त्यांना. आणि डॉक्टर त्यांच्या सुनेला म्हणाले, दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जातो. मी काल त्यांच्या दाराला गेले, कुलूप होतं. परात आतच असेल.

चंपाबाई : व्हय. त्ये आलं नाय माझ्या ध्यानात.

धम्मपाल : मी सुनेला फोन करून सांगतो. दोन मिनिटांचं काम.

चंपाबाई : सून फेकंल पानी. सरू परत भरंल. ती सुनेचं कदी ऐकती का? माझंच ऐकती. त्येच तर वंगाळ झालंय. अन् तिनं वार्डातल्या बायांसाठी बाटली मागितलीय.

रूपा : देणार तुम्ही?

चंपाबाई : ठावं नाय. डास मागं सरत व्हते, तू बी बगितलं.

रूपा : बघितलं. नंतर आलेले पण बघितले.

चंपाबाई : म्या भांडं विसळलं व्हतं.

रूपा : असेल आई.

धम्मपाल : आता काय करायचं म्हणतेस?

चंपाबाई : उद्या जाते परत. लोनचं घेऊन. बाया नसत्याल आशा टायमाला.

धम्मपाल : मी पण येतो. मी समजावून सांगतो तिला.

चंपाबाई : ये. पन सांगायचं म्या. तू निस्ता माझ्याजवळ बस.