हिराबायच्या होडीची फली

मी बालाराम, डोंबिवलीच्या खाडीकडच्या कोळीवाड्यातला. बाप होड्या बांधायचा, आजा पण तेच, त्यामुळं मला कोणी विचारलंच नाय तू काय करणार म्हणून. मधी दोन वर्षं वागळे इस्टेटीत खोकी ठोकायला गेलेलो. सरळ फल्या, सरळ खिळे, सगळं सरळ, माझा जीव उबला, परत आलो. होडीत काय सरळ नसतं बघा, म्हणून तर डोकं लागतं.

तर हिराबायची होडी, माझ्याच हातची. नवरा गेल्यावर ती स्वतः सुकाणूला बसायची, दीर शीड सांभालायचा, आणि काय सांगू तुम्हाला, भल्याभल्यांना जमत नाय अशी होडी हाकायची. ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. भर दुपार, ओहोटी, वारा पडलेला, शीड लोंबतंय, आणि रेतीचा बार्ज इंजिन ठोकत आला तो सरळ हिच्या डाव्या कुशीवर. ही ओरडते, हात करते, त्याला काय, लोखंडाचा जीव. तीन फल्या फुटल्या, आतल्या दोन बरगड्या तुटल्या. बार्जवाला थांबला नाय. दिरानं शीड कोंबलं भोकात, पाणी उपसत कशीबशी काठाला आणली.

मी बघितली तर फुटलेल्या फलीवर बार्जचा लाल रंग, असा जाड, थापलेला. मी बोललो, हरामखोर, सही करून गेलाय. सगल्या वाड्यानं बघितलं. आणि मग मी काय केलं, ते ऐका.

आमच्यात फुटलेली फली हाच नव्या फलीचा माप. ती सागावर ठेवायची, तिच्या बाकानं रेघ मारायची. त्यात रंगाचा थर, वर आलेल्या ढलप्या, रेघ नीट येईना. मी घेतला रंधा आणि केली साफ. हात कामाला लागला की डोकं गप बसतं माझं. दोन फल्यांचे तर तुकडेच झालेले, ते पण छिलपात गेले. नवीन फल्या बसवल्या, बाभलीच्या बरगड्या घातल्या, फटीत कापूस ठोकला, वरून राल. थेंब आत येईल तर नाव बदला.

आणि आमची रीत अशी, दुरुस्तीचं छिलपं मालकाच्या चुलीत जातं, त्यावर भात रांधतात, तो सुताराला वाढतात. हिराबायनं रांधला, वर कोलंबीचं कालवण. मी दोनदा घेतलं.

आठ दिवस होडी झकास चालली. मग वाड्यानं भरपाईसाठी केलेल्या अर्जावर बंदराच्या साहेबानं दोघांना बोलावलं. बार्जचा शेठ पांढऱ्या कपड्यात, तो बोलतो, साहेब, आमचा बार्ज लागलाच नाय, कुजकं लाकूड, सुताराचं काम कच्चं, आपोआप उकललं. माझ्या तोंडावर! मी फली पुढं केली. साहेब बोलला, यावर काय दिसतंय, ही तर साफ हाय. बाकीच्या कुठं? हिराबाय हलूच बोलली, जळल्या साहेब, चुलीत. शेठ हसला, बोलला, कुजक्याच होत्या, दुसरं काय करणार. साहेब होडी बघायला उठला पण नाय. खुर्चीत बसून लिवलं, होडी कुजकी, पाण्यात घालू नये. परवाना गेला.

माझ्या हातानं तासलं, तिच्या चुलीत जळलं, आणि भात मी जेवलो. हिराबाय दुसऱ्यांचं म्हावरं विकत घेऊन डोक्यावर पाटी घेऊन फिरली दारोदारी, जिचा हात सुकाणूवर असायचा ती.

होडी तेव्हापासून बंदरावर हाय. दर नारली पुनवेच्या आधी मी तिला मुशी माशाचं तेल लावतो. पोरं हसतात, बाबा, पाण्यात जायची नाय ती. नाय तर नाय. पण मला कुजकं बोललेलं खपत नाय.

हिराबाय आता थकली. परवा बोलली, बालाराम, मी गेली की हीच होडी फोड आणि माझ्या खाली घाल, सुकं लाकूड हाय, चांगलं पेटंल. मी चिडलो तिच्यावर. बोललो, एकदा जाळली ती पुरे झाली, आता नाय. तू जग बाय, शंभर वर्षं जग.

तुम्ही लिवून घेताय ना, मग जाताना बंदरावरून जा. हा खिळा घ्या, डाव्या कुशीला कुठं पण टोचून बघा, आणि आत जातो का ते लिवा.