चटईच्या कडेच्या चपला

आजोबा : ज्याचं मन आपल्याला वाचता येत नाही, त्याच्या वतीनं उत्तर देणं हे मोठं जोखमीचं काम आहे, ताई. नात तर बोलतच नाही. घरी गेल्यावर सून विचारील, पोर सुधारते आहे का? नसेल, तर या महिन्यानंतर थेरपी बंद. मी काय सांगू?

थेरपिस्ट : आधी मला सांगा, आज बाहेर बसून काचेतून तुम्हाला काय दिसलं?

आजोबा : आक्रोश. दुसरं काय? मागच्या आठवड्यात सहा मणी ओवले होते, आज एकही नाही. उलट पाच वेळा उठून बाहेर धावली.

थेरपिस्ट : कशाला? माझी दाराकडे पाठ होती.

आजोबा : माझ्या चपला आत न्यायला! चटईच्या कडेला नीट मांडून ठेवायची. पादत्राणं तिथे शोभतात का? मी दरवेळी हळूच हात घालून त्या उचलल्या आणि पुन्हा बाहेर ठेवल्या.

थेरपिस्ट : अहो आजोबा! मी वहीत लिहिलंय, 'विनाकारण रडणं, पाच वेळा.'

आजोबा : म्हणजे... कारण मी होतो?

थेरपिस्ट : तुम्ही. आणि मी आपली मणी पुढे सरकवत बसले.

आजोबा : पण चपलांचं तिला काय? मी आत यावं, असं म्हणत होती? की मी सोडून जाऊ नये?

थेरपिस्ट : असेल. किंवा जोडी मांडायला आवडत असेल नुसती. खरं सांगते, मलाही कळत नाही.

आजोबा : तुम्हीच असं म्हटल्यावर आम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहायचं?

थेरपिस्ट : तिच्याच. आजच्या सत्राची दहा मिनिटं उरलीत. आली बघा पुन्हा चपलांकडे. आता हात आवरा.

(मुलगी चपला उचलून आत नेते, चटईच्या कडेला मांडते. कोणी हलवत नाही.)

आजोबा : रडली नाही. मण्यांपाशी बसली की! ताई, ओवला तिनं, की मला भास झाला?

थेरपिस्ट : ओवला. हा दुसरा.

आजोबा : मग सुनेला सुधारली म्हणू?

थेरपिस्ट : घाई नको. पाहिलंत तेवढंच सांगा. वहीतली ओळ मी खोडते.

आजोबा : सांगेन, की अडवत मीच होतो. आणि अजून काही महिने मागून घेईन. सून माझं ऐकते.

थेरपिस्ट : वेळ संपली, आजोबा. तुमच्या चपला आणू?

आजोबा : नको, राहू द्या. तिचं होईपर्यंत बसतो असाच अनवाणी. कल्याण असो तुम्हा दोघींचं.