पट्टीवरचा शेक

मी मूळची यवतमाळकडची. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, बी.एस्सी. नर्सिंग, हे मी मान वर करून सांगते. पुण्यात आले तेव्हा हिंजवडीकडं आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आमच्या रूमवरच्या मुली तिकडं जायच्या, मी कर्वेनगरात हॉस्पिटलला, आयसीयूत.

तिथं दुखण्याचं आणि गुंगीचं औषध म्हणजे काय सांगू तुम्हाला, थोडं कमी पडलं तर माणूस तळमळतो, नळ्या उपटतो, थोडं जास्त झालं तर श्वास घ्यायचाच विसरतो, म्हणून वजन बघून डोस काढायचा, दुसऱ्या सिस्टरनं तो पुन्हा तपासायचा, मगच थेंबाथेंबानं औषध सोडणाऱ्या पंपाला लावायचा. दोघींनी बघितलं ना, मग चूक होणारच नाही, असं मला वाटायचं.

तर शनिवार पेठेतले एक काका होते, रिटायर्ड मास्तर, हाडांचा कॅन्सर, त्यात छातीत इन्फेक्शन झालं म्हणून आमच्याकडे आले. पाठीवर दुखण्याच्या औषधाची पट्टी, भारी औषध, कातडीतून हळूहळू आत जाणारं, आणि ती हिशेबात धरूनच डॉक्टरांनी पंपावरचं औषध अगदी बेताचं ठेवलेलं. मी विचारायची, काका, दुखणं दहापैकी किती, तर म्हणायचे, जन्मभर मी मार्क दिले, आता मलाच पेपर.

त्या दुपारी काकू भेटायला आल्या, पडदा ओढा म्हणाल्या, अंग पुसते. थोड्या वेळानं मॉनिटर ओरडायला लागला. मी आत गेले, काका, अहो काका, उत्तर नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि एक श्वास झाला की दुसरा येतोय की नाही अशी वाट बघायची. डॉक्टर धावत आले. डोस बघितला, बरोबर. दुसऱ्या सिस्टरनं बघितला, बरोबर. तरी पंप बंद केला, मास्क लावून श्वास द्यायला लागले, मी काकांना कुशीवर घेतलं आणि माझ्या हाताला चटका बसला. पाठीखाली रबरी पिशवी, शेकाची, नॅपकिनात गुंडाळलेली, बरोब्बर त्या पट्टीवर.

ती पट्टी मी ओढून काढली, डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. काकू भिंतीला टेकून म्हणत होत्या, अहो, ह्यांना शेकानं बरं वाटतं हो, घरी कमरेला रोज देते, आज पाठ ठणकते म्हणाले, थर्मासमध्ये गरम पाणी होतंच, पट्टी लावलेलीच आहे, म्हटलं वरून शेक दिला की लवकर लागू पडेल.

लवकर लागू पडलंच होतं. उष्णतेनं पट्टीतलं कितीतरी औषध एकदम रक्तात.

काका हळूहळू डोळे उघडून म्हणाले, कोण आहे, इतक्या दिवसांनी झोप लागली होती. काकू रडल्या. मी बोलणार होते त्यांना, खूप बोलणार होते, पण आधी त्यांना स्टुलावर बसवलं. दुकानात मिळणारी साधी पट्टी आणि ही, दिसायला दोन्ही सारख्याच. कुणी सांगितलं होतं त्यांना फरक? आमच्याकडंही काही दुखलं की आई आधी पाणी तापवायची.

काका बरे होऊन घरी गेले. आता माझ्या वॉर्डात नवीन पेशंट आला की पंपाआधी मी पाठ बघते, आणि पट्टी दिसली की नातेवाइकांना बसवून सांगते, हिच्यावर शेक नाही, हीटिंग पॅड नाही. हात मात्र अजून तो चटका विसरला नाही. परवा गावी गेले, आई म्हणाली, पाठीत चमक भरली, जरा शेक दे. मी म्हटलं, आधी पाठ दाखव. अवं, म्हणाली, मी काय तुही पेशंट हाय काय. असू दे म्हटलं, पदर बाजूला कर.