दारावरचा लाल सदतीस

हसू नका, त्या दिवशी मी खरंच घाबरले होते. दुपारी शाळेतून शिकवून घरी आले, तर आमच्या बिल्डिंगच्या दारावर लाल रंगात मोठ्ठा आकडा. सदतीस. मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगवर असाच लाल आकडा पडला होता, आणि आठवड्याभरात महापालिकेनं ती धोकादायक म्हणून रिकामी केली. भिवंडीत बिल्डिंग कशी कोसळते, ते आपल्याला ठाऊक आहे.

मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. सासूबाईंना म्हटलं, "आई, उठा, खाली चला." त्यांचे गुडघे दुखतात. बिचाऱ्या एकेक पायरी बसत उतरल्या. समोरच्या शबाना भाभी गॅस बंद करून मागोमाग आल्या. "दीदी, अब कहाँ जाएँगे?" मी सासूबाईंना धरून बाहेर काढलं.

रस्त्यावर येतो, तर शेजारच्या बिल्डिंगमधून रंगाचा डबा घेतलेला माणूस बाहेर पडला. मी त्यालाच गाठलं. "अहो, आमची बिल्डिंग पाडणार का?"

"नाही हो मॅडम, हे जनगणनेचे नंबर. सगळ्याच घरांवर टाकतोय."

भाभी रडायलाच लागल्या. सासूबाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले. आम्ही आत वळलो, तेवढ्यात तो मागून म्हणाला, "पण मॅडम, जिन्याखालचा खांब कोणाला तरी दाखवा. नंबर आधी तिथेच टाकत होतो. ब्रश टेकवला तर प्लास्टर गळून पडलं, आत गंजलेली सळई दिसली."

सासूबाईंनी पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला.