गाडीच्या कपाळावरचं कुंकू

आमचे लोक आनेकलला कधी आले ते घरात कुणालाच माहीत नाही, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, एवढंच आम्हाला ठाऊक. आई रेशमाच्या कारखान्यात होती. कोष उकळत्या पाण्यात टाकतात आणि बोटांनी धाग्याचं टोक शोधतात, वर्षानुवर्षं तेच, बोटांची कातडी पांढरी होऊन सोलून निघायची, हाताला मेलेल्या किड्यांचा वास, म्हणून ती आम्हाला कधी घास भरवायची नाही. मालक म्हणायचा, पोरीला पण आण, लहान बोटांना टोक लवकर सापडतं. आईनं मला पाठवलं नाही. घरातली पहिली पदवी माझी, मेकॅनिकलची, आणि हे मी मान वर करून सांगते.

आता इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ एका गाड्यांच्या कंपनीत आहे, बाजारात यायच्या आधी गाडी तपासायची हे माझं काम. ती गाडी म्हणजे काय सांगू तुम्हाला, विजेवरची, हत्तीएवढी, आत पाठ चोळून देणाऱ्या खुर्च्या, आणि पाय दाबला की चार सेकंदांत शंभरावर. माझ्याकडे ब्रेक होते. समोर माणूस आला तर गाडीनं आपण होऊन थांबायचं, त्यासाठी काचेच्या वर मधोमध, आरशामागं कॅमेरा असतो. चालवायला मुनीअण्णा, कंपनीतले सगळ्यात जुने ड्रायव्हर.

आयुधपूजेला सगळ्या गाड्यांना हार घातले, कोहळा फोडला, तेव्हा मीच म्हटलं, अण्णा, हिच्या कपाळाला पण कुंकू लावा. ते म्हणाले, हिला कपाळ कुठं अक्का? मी म्हटलं, काचेवर, वर मधोमध. कॅमेरा कुठं आहे हे रोज लिहिणारी मी, मीच हे सांगितलं. आणि पूजेचं कुंकू पुसायचं नसतं, आपसूक जाऊ द्यायचं, हे त्यांच्या घरी तसंच आमच्याही घरी.

दुसऱ्या दिवशी साहेब परदेशी पाहुणे घेऊन आले. साहेब पुण्याचे. लहान मुलाच्या उंचीचा पुतळा उभा केला, ड्रायव्हरनं ब्रेकला पाय लावायचा नाही असा नियम, गाडी आली आणि थांबलीच नाही. पुतळ्याचं डोकं उडून साहेबांच्या बुटापाशी आलं.

मग साहेबांनी मला आणि मुनीअण्णांना खोलीत बोलावलं, आत त्यांची पुण्याहून आणलेली माणसं होती. म्हणाले, लिही, ड्रायव्हरची चूक, टीमप्रमुखाची खुर्ची तुझी. मी म्हटलं, साहेब, कुंकू मी लावायला सांगितलं, पण उद्या काचेवर चिखल उडेल, कबुतर घाण करेल, तेव्हा मला स्वल्प दिसत नाही असं गाडीनं सांगायला नको? इशाऱ्याचा एक दिवासुद्धा लागला नाही. जरा म्हणायच्या जागी तोंडातून कन्नड स्वल्प निसटलं. ते म्हणाले, स्वल्प? आधी मराठी शीक, मग गाड्या शिकव. किडे उकळणाऱ्यांच्या घरातली तू, कुंकवापुढं डोकं चालणार कसं. आईचं मीच त्यांना सांगितलं होतं, अभिमानानं, मुलाखतीत. खोलीतले सगळे हसले. मुनीअण्णा पण हसले, त्यांना मराठी येत नाही, सगळे हसतायत म्हणून हसले.

मी जे घडलं ते तसंच लिहिलं, कुंकू माझं, दोष गाडीचा, लावणाऱ्याचं नाव मुनीअण्णा, आणि थेट वरच्या ऑफिसात पाठवलं. अहवाल वर गेल्यामुळं मला हात लावता येईना, मग त्याच आठवड्यात मुनीअण्णांना काढलं.

आता ते मारतहळ्ळीला एका अपार्टमेंटच्या गेटवर उभे असतात. मी भेटायला गेले तर खुर्ची दिली नाही. म्हणाले, अक्का, तुम्ही खरं लिहिलं, सरी, ठीक आहे, पण माझं नाव घालायच्या आधी मला विचारलं का? मी म्हटलं, नाही. तेवढ्यात एक मोठी गाडी आली, ते सलाम करायला वळले, आणि परत माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचं बरोबर आहे, आणि तरी परत लिहायची वेळ आली तर गाडीचा दोष मी तसाच लिहीन.

टीमप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली, गाडीचं बाजारात येणं आठ महिने मागं पडलं. मागच्या महिन्यात मी कॅमेऱ्यासमोरच्या काचेला चिखल फासून पुन्हा तपासणी केली. गाडीनं दिवा लावला, आवाज केला, वेग कमी केला, आणि पुतळ्याच्या चार हात अलीकडं थांबली. पास म्हणून लिहिलं, खाली सही माझी.