पाह्यलेलं येगळं, ऐकलेलं येगळं

माह्यं माहेर मोताळ्याकडलं, तिथं कापूस, अन् लगन होऊन जानेफळले आली तं इथं भाजी. सासू कडक होती, पन वांगं देठासकट कसं तोडाचं, हे तिनंच शिकवलं मले. मालक गेले तवापासून दोन एकर मीच पाह्यते, वांगे, टमाटे, सांभार, म्हंजे तुमची कोथिंबीर. माह्या हातचा सांभार मेहकरच्या बाजारात पहिले खपते, इचारा कोनालेही.

आता वावरात जाची वाट होती चुलत दिराच्या धुऱ्यावरून, म्हंजे वावराच्या बांधावरून. आमची बैलबंडी कायमची तिथूनच जाये. एक दिवस बाजारातून वापस आली तं वाटंवर आडवा चर खोदेल. वांगे तोडून पडले अन् बंडी बाहेर निघंना, डोक्यावर किती वाहाव मानसानं? वाट नाही तं वावर नाही, म्हनून मेहकरच्या कोर्टात दावा टाकला.

वकीलसाहेबाच्या कारकुनानं कागद टाईप केला अन् म्हने मावशी, इथं सही करा. मी म्हनलं, पहिले वाचून दाखव, चष्मा घरी राह्यला. त्यानं वाचलं. शेवटी होतं, कलम एक ते नऊ मले सोताले माहीत आहे अन् खरं आहे. मी म्हनलं थांब बे. चौथ्यात आजेसासऱ्याच्या टाइमापासून वाट आहे असं लिवलं, ते सासूनं सांगतलं. सातव्यात दिरानं उभं राहून चर खोदून घेतला म्हनते, ते म्या कुठं पाह्यलं, मी तं बाजारात होती. तो म्हने सारे अशीच सही करतात मावशी, तुमची बस निघून जाईन. मी म्हनलं जाऊ दे बस. आवाज ऐकून वकीलसाहेब बाहेर आले, हसले, म्हने बाईचं बरोबर आहे, कायदाच तसा आहे, सोताले माहीत ते कलमं येगळे लिवा अन् ऐकून खरे वाटले ते येगळे. कोनाकडून ऐकलं ते नाही लिवलं तरी चालते. मले हायसं वाटलं. कारन सातवं कलम मले सांगतलं होतं माह्या जावंनं, त्याच दिराच्या बायकोनं. नाव निघालं असतं तं त्या घरात तिचं जगनं मुश्कील झालं असतं.

मंग उलटतपासनी आली. समोरचा वकील लई जोरात, म्हने त्या दिवशी तुमी मेहकरले भाजी इकत होत्या ना? हाव म्हनलं. मंग चर खोदताना पाह्यलं हे खोटं? मी म्हनलं, पाह्यलं असं म्हनलंच नाही साहेब, सहीच्या वर वाचा. जजसाहेबानं वाचलं, म्हने बरोबर आहे, ऐकीव म्हनूनच लिवलं आहे. वकील चिडला. म्हने कोनं सांगतलं, नाव सांगा. काय सांगू तुमाले, खोटं बोलाव तं शपथ घेतलेली, खरं बोलाव तं तिचा संसार. जजसाहेब म्हने बाई, उत्तर द्या लागते. मी तरी गप.

तं मागं बाकावर जाऊ उठली, दिराच्या बाजूलेच बसून होती. म्हने म्या सांगतलं साहेब, म्या डोयानं पाह्यलं. शिपाई तिले बसा बसा करून राह्यला, दीर खाली पाहून राह्यला. वकील म्हने, मले पुढं काही इचाराचं नाही.

पुढच्या तारखेले दिरानंच तडजोडीचा कागद आनला, अन् चरही त्यानंच बुजवला. बोलत नाही माह्याशी, नाही तं नाही. बंडी जाते, वांगे टायमावर बाजारात पोचतात, मी खुश आहे.

एक दिवस धुऱ्यावर आमी दोघी जावा भाकर खात बसलो. म्या इचारलं, घरी काय झालं व मंग? म्हने पंधरा दिवस बोलले नाहीत, लई शांततेत गेले. हसलो दोघी. मंग म्हनलं, पन उठली काऊन तू? तिनं भाकर खाली ठेवली. म्हने जाऊबाई, तुमी माह्यं नाव घेतलं नसतं अन् खोटंही बोलल्या नसत्या, हे मले माहीत होतं. मंग तुमी तिथं तशाच उभ्या राह्यल्या असत्या, किती येळ? देव तिचं भलं करो, अशी जाऊ साऱ्याइले भेटो.