विमला, मी आणि आठशे मीटर

मी सुधा, इंदूरचीच, इथेच जन्मले, इथेच शिकले, लग्न होऊन गेले तीही इथल्याच अन्नपूर्णा मोहल्ल्यापर्यंतच. आजोबा होळकर दरबारात दफ्तरदार, वडील सरकारी ऑफिसात, मतलब घरात कागद भरपूर आणि पळणारं कोणी नाही, मी एकटीच कुठून निपजले काय सांगू तुम्हाला. आई म्हणायची, ही दुधाला पाठवली तरी धावत जाते आणि अर्धं सांडून आणते. लिहा हो, हे पण लिहा, खरंच आहे ते.

कॉलेजात विमला भेटली. बेटम्याची, इंदूरजवळच्याच गावची, घरी शेती, होस्टेलात राहायची, ती हिंदी-माळवी बोलणार, मी मराठी, मग दोघींची जी खिचडी झाली ती आजतागायत. स्पाइक्स-बिइक्स कुठले, कॅनव्हासचे बूट, खडूने पांढरे केलेले, आणि सलवार-कमीजवरच पळायचं, ओढणी तेवढी कमरेला घट्ट बांधायची. आठशे मीटर दोघींचं. कधी ती पुढे, कधी मी, एका हाताचं अंतर.

शेवटच्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या मीटला एका मुलींच्या शाळेच्या बडी बहनजी आल्या, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि सरळ म्हणाल्या, मला खेळ शिकवायला मुलगी हवी, जी आठशे जिंकेल तिला घेते. आता बघा, माझ्या घरी वडिलांनी सांगून ठेवलेलं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर मे महिन्यात लग्न. विमलाचं पण तेच, नोकरी नाही तर बेटम्याला परत. मी मनात म्हटलं, माझं काय, मी इंदुरात तरी राहीन, हिचं तर पळणं कायमचं बंद होईल, हिलाच जिंकू द्यायचं. तिला बोलले नाही. बोलले असते तर तिने मारलंच असतं मला.

शेवटच्या वळणाला दोघी सगळ्यांच्या पुढे, मी जरा हळू झाले. पाहते तर ही पण हळू. मी आणखी हळू, तर ही आणखी हळू! तिनेही मनात तेच ठरवलेलं ना. सगळं मैदान ओरडून राहिलं, अरे भागो, भागो, आणि आम्ही दोघी भाजी घ्यायला निघाल्यासारख्या, आणि मागून एक चष्मेवाली मुलगी, जी कधी तिसरीसुद्धा आली नव्हती, ती सर्रकन निघून गेली. तिला स्वतःलाच खरं वाटेना, रेष ओलांडली तरी पळतच राहिली बिचारी.

बडी बहनजींनी आम्हाला बोलावलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. त्या म्हणाल्या, ये क्या नौटंकी थी? मेरी लड़कियों को यही सिखाओगी, रुकना? इतकी लाज वाटली मला, अजून आठवलं की कान गरम होतात. मग म्हणाल्या, त्या चष्मेवालीला एमएस्सी करायचंय, नोकरी नको म्हणते, कल पंद्रह सौ है, कल सच में दौड़ो.

बाहेर येऊन विमलाने माझा कानच धरला, म्हणाली, सुधा, कल धीमी हुई तो दोस्ती खतम. मी म्हटलं, तू झालीस तरी खतम.

आणि दुसऱ्या दिवशी जे पळालो आम्ही! छाती फुटेल असं. विमला जिंकली, तेच एका हाताचं अंतर, नोकरी तिची झाली. मी गवतावर पडून रडले, खोटं कशाला सांगू, खूप रडले, तर डोक्याशी काळे बूट दिसले. वडील. ऑफिस सोडून, कोणाला न सांगता आलेले. म्हणाले, हरलीस, पण काय पळालीस गं! आणि मग म्हणाले, खेळाचंच पुढे शीक, लग्नाचं नंतर बघू. मग मी ते शिकले, कॉलेजात खेळ शिकवायला लागले, तिथूनच रिटायर झाले.

आता विमला पण अन्नपूर्णेतच, दोन गल्ल्या सोडून. सकाळी फिरायला जातो, मग पोहे-जलेबी, ते तर ठरलेलंच. तिचे गुडघे गेलेत, म्हणून मी आपली हळू चालते, तिला कळणार नाही अशी. पण कळतं हो तिला. परवा भर रस्त्यात थांबली, काठी उगारली आणि ओरडली, फिर धीमी हुई तू? भाग! मग काय, भागले, ह्या वयात, साडी सावरत, पार नाक्यापर्यंत. देव तिला शंभर वर्षं देवो, आणि माझ्यावर ओरडायला असाच आवाज देवो.